न उसळलेला पाय

बिरुदेवाला माणसांची गर्दी नवी होती आणि एकटेपणाही नवा होता. गंमत अशी की ही दोन्ही त्याला सोलापुरात एकाच वेळी भेटली. सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत त्याच्या लेकीची, सोनमची, भाड्याची एक खोली होती. खिडकीतून खाली बघावं तर रिक्षा, शाळेची पोरं, भाजीचे गाडे, सगळं जग कुठंतरी पोचायला निघालेलं. आणि वर बिरुदेव, डावा पाय उशीवर ठेवून पंख्याकडे बघत पडलेला. खालच्या एवढ्या माणसांत त्याचं नाव ठाऊक असलेला एकही जण नव्हता.

जन्मात हा माणूस कधी एकटा राहिला नव्हता. सांगोल्याकडच्या माळावरचा धनगर. बाप गेल्यापासून तो आणि धाकटा भाऊ श्रीमंत मिळून मेंढरं राखत होते. दिवाळी झाली, माळावरची कुसळंसुद्धा संपली की त्यांचा वाडा निघायचा. वाडा म्हणजे चारपाच बिऱ्हाडं, घोड्यांवर लादलेला संसार, कुत्री, कोंबड्या, बायापोरं आणि या सगळ्यांच्या पुढे-मागे मेंढरं. सीनेच्या काठाने अक्कलकोटच्या अंगाला उतरायचं, खतापायी शेतकरी बोलावतील त्या रानात रात्रीची मेंढरं बसवायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत फिरायचं. वाड्यात माणूस झोपेतही एकटा नसतो. एका अंगाला कुत्रं, दुसऱ्या अंगाला नुकतं जन्मलेलं कोकरू, आणि डोक्याशी कोणीतरी खोकतंय. बायको वारली तेव्हाही तो वाड्यातच होता. रडायला त्याला आडोसा मिळाला नाही, पण सोबत भरपूर मिळाली.

मग घोट्याने दगा दिला. नांगरटीच्या ढेकळांत पाय मुरगळणं ही धनगराच्या जातीला रोजची गोष्ट. हळद-मीठ गरम करून बांधायचं आणि चालायचं. बिरुदेवाने उभ्या आयुष्यात किती वेळा बांधलं असेल ते त्या घोट्यालाच ठाऊक. शेवटी त्याला उकिडवं बसता येईना. चढाला पाय टाकला की घोट्याच्या पुढच्या बाजूला आत काहीतरी चावल्यासारखं व्हायचं. मागच्या हंगामात तो रोज मेंढरांच्या बराच मागे राहिला. तो मुक्कामावर पोचायचा तेव्हा मेंढरं कोंडायची जाळी, वाघर, लावून झालेली असायची, चुली पेटलेल्या असायच्या. श्रीमंत एका शब्दाने बोलला नाही. भाऊ चिडला असता तर बरं झालं असतं. तो गप्प राहून भाकरी पुढे सरकवायचा, आणि ती भाकरी बिरुदेवाच्या घशाखाली उतरायची नाही.

तर हे असं होतं म्हणून तो सोलापुरात आला. सोनम नवी पेठेत एका कापड दुकानात साड्यांच्या काउंटरला होती. तिनेच चौकशी करून त्याला हाडाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होता, पण बोलण्यात घाई नव्हती. त्याने एक्स-रेचा फोटो उजेडावर धरून दाखवला. घोट्याच्या हाडाला पुढच्या बाजूने काटे फुटले होते, पाय वाकला की ते एकमेकांवर घासायचे.

"दुर्बिणीचं ऑपरेशन करू," डॉक्टर म्हणाला. "पुढून दोन बारीक भोकं. एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून अवजार. काटे घासून काढायचे. बहुतेकांना चांगला आराम पडतो. पण काका, वाईट काय होऊ शकतं तेही मी सांगणार आणि तुम्ही ऐकायचं."

आणि त्याने सांगितलं. पायाच्या वरच्या बाजूने, कातडीच्या अगदी खालून एक बारीक नस जाते. कितीही जपलं तरी तिला धक्का बसू शकतो. मग पायाचा वरचा भाग बधिर होतो. बहुतेक वेळा काही महिन्यांनी जाणीव परत येते, एखाद्याला येत नाही. भोकातून जंतू आत शिरू शकतात. सांधा आखडू शकतो. पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते, फार थोड्यांना होते, पण होते. आणि आत हाडावरची कूर्चा झिजलेली निघाली, तर ऑपरेशन करूनही फारसा फरक पडणार नाही.

बिरुदेवाने हे सगळं मान हलवत ऐकलं. मग विचारलं, "मेंढरामागं चालता यील का, तेवढं सांगा."

"सपाट रस्त्याला नक्की चालाल. नांगरटीतून दिवस दिवस चालाल का, त्याचा आज शब्द देत नाही. पायाला सहा महिने द्या, मग बोलू."

आता माणसाचा कान असा आहे की त्याला हवं तेवढंच आत घेतो आणि बाकीचं दारात ठेवतो. 'नक्की चालाल' एवढं बिरुदेवाने आत घेतलं. सहा महिने दारातच राहिले. त्याने मनाशी हिशेब केला की आता श्रावण लागतोय, म्हणजे दिवाळीला वाडा निघेपर्यंत आपण तयार.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतःहून म्हणाला, "काटे साफ निघाले. आणि कूर्चा छान आहे, काका. तुमच्या वयाला इतकी चांगली मी बघत नाही." बिरुदेवाने हे वाक्य श्रीमंताला फोनवर सांगितलं, शेजारच्या काशम्माला सांगितलं, आणि जिना उतरताना भेटलेल्या अनोळखी पोस्टमनलाही सांगितलं.

टाके निघाले, व्यायाम सुरू झाले. महिना-दीड महिन्यात तो उकिडवं बसायला लागला. आतलं ते चावणं पार गेलं. फक्त एक झालं होतं. घोट्याच्या पुढून अंगठ्यापर्यंत पायाचा वरचा भाग त्याचा राहिला नव्हता. एकदा मुंगळा त्यावरून चालत गेला. बिरुदेवाला तो डोळ्यांनी दिसला, पायाला कळला नाही. त्याने बोटाने दाबलं, चिमटा काढला. दुसऱ्या कुणाचा तरी पाय आपल्या तंगडीला जोडल्यासारखं वाटलं.

डॉक्टरने टाचणी टोचून टोचून बधिर भागाची सीमा आखली. "मी म्हटलं होतं ती नस. दुखावलीय, तुटलेली नाही. हळूहळू येईल. हिला औषध एकच, वाट बघणं. तोपर्यंत रोज पाय डोळ्यांनी तपासायचा. आणि शेक घ्यायचा नाही, भाजलेलं कळणार नाही तुम्हाला."

वाट बघणं. ज्याने जन्मभर वाट चालून काढली त्याला हे औषध कसं पचावं? सोनम सकाळी डबा घेऊन जायची ती दुकान बंद झाल्यावर यायची. दिवसभर लोकांपुढे साड्या उलगडून आणि घड्या घालून तिचे हात गळून गेलेले असायचे. जेवताना बिरुदेव बोलायचा ते मेंढरांचंच. कुठली गाभण असेल, श्रीमंत लोकर वेळेवर कातरेल का, खंडोबाच्या माळाला यंदा गवत आलं असेल का. सोनम "हं" म्हणायची आणि ताट घासायला उठायची. शेजारची काशम्मा विड्या वळायची. दारात बसून तिची बोटं चालायची आणि पोरींशी तेलुगूत बोलणं चालायचं. बिरुदेव तिथं जाऊन बसला की ती मराठीत विचारायची, "जेवलाव का, आप्पा?" तो म्हणायचा, "व्हय." की पुन्हा तेलुगू सुरू. तिचाही काही दोष नव्हता. हजार विड्यांचा धाक असलेल्या बाईने मेंढरांच्या गप्पा किती ऐकाव्यात? बिरुदेव परत खोलीत येऊन दार लोटायचा. काही दुपारी तर तो स्वतःशीच मोठ्याने बोलायचा, नुसतं घसा चालू आहे का बघायला.

दसऱ्याच्या सुमाराला श्रीमंताचा फोन आला.

"आण्णा, पाय कसा हाय?"

"ब्येस हाय की. उकिडवा बसतो आता."

"चालायचं काय?" श्रीमंत जरा घुटमळला. "न्हाय, इतबार नसंल पायाचा तर सांग. तिप्पण्णाला इचारून ठिवलंय मी. दुधनीचा हाय. कानडी मुलूख समदा म्हाईत हाय त्येला, मेंढरंबी चांगली वळतो."

"कुनालाबी ठिवू नगंस," बिरुदेव एवढ्या जोरात म्हणाला की भिंतीपलीकडे काशम्माच्या पोरी गप्प झाल्या. "मी हाय. दिवाळीला येतो मी."

तिप्पण्णा वाईट माणूस असता तर एक बरं होतं. मेंढरं वाईट माणसामागे फार दिवस जात नाहीत. पण चांगल्या माणसाची त्यांना सवय होते. एक हंगाम त्याने राखला की पुढच्या सालीही तोच, आणि मग या खोलीतून उठून जायला बिरुदेवाला जागाच उरणार नाही. तो मरेपर्यंत पंख्याकडे बघत पडेल. हे भय त्याने कुणालाही सांगितलं नाही, कारण सांगायला कुणी नव्हतं.

आणि इथंच त्याला बापाची आठवण झाली.

मेंढरू लंगडायला लागलं, पाय ओढायला लागलं की धनगर त्याला डाग देतात. विळ्याचं टोक चुलीत लाल करायचं. एकाने मेंढराचं तोंड मांडीत धरायचं, दुसऱ्याने सांध्यावर डाग टेकवायचा. बिरुदेवाच्या बापाचा हात यात नावाजलेला. तो म्हणायचा, "मेंढरू उसळलं की डाग लागला समजायचं. न्हाय उसळलं तर पुन्यांदा द्यायचा." डागलेली मेंढरं चार-आठ दिवसांत चालायला लागायची, हे बिरुदेवाने डोळ्यांनी पाहिलं होतं. ती डागाने बरी झाली की चार-आठ दिवसांनी, हे मेंढरांना कुणी विचारलेलं नव्हतं.

पायात वारं शिरलंय, म्हणून तो निजलाय. निजलेल्याला उठवायला चटका लागतो. झालं, बिरुदेवाचं ठरलं. डॉक्टरने शेक नको म्हटलं होतं, पण शेक म्हणजे रबरी पिशवी. डागाचं नाव डॉक्टरने काढलंच नव्हतं! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, या नवऱ्याने ते घोट्याला बांधलं.

सोनम दुकानात गेल्यावर त्याने दार लावलं. विळा नव्हता, म्हणून उलथनं घेतलं. गॅस मोठा करून त्याचं टोक ज्योतीत धरलं, लाल होईपर्यंत धरलं. मग जमिनीवर बसून, पाय पुढे घेऊन, बिरोबाचं नाव घेत ते टोक घोट्याच्या पुढच्या बाजूला, बुजत आलेल्या एका भोकाच्या शेजारी टेकवलं.

पाय उसळला नाही.

बिरुदेव थांबला. डाग लागला नाही, असंच कोणीही धनगर म्हणाला असता. त्याने उलथनं पुन्हा तापवलं आणि या वेळी जरा दाबून धरलं. काही नाही. पाय शांत, जसा काही दुसऱ्याच्या दारात ठेवलेला. त्याला पायाचा राग आला. "ऊठ की रं," तो म्हणाला, आणि पुन्हा तापवलं, आणि दात-ओठ खाऊन टेकवलं.

वास आला तेव्हा त्याला कळलं. हा वास त्याच्या लहानपणापासून ओळखीचा होता. केस जळतात तो आधीचा वेगळा आणि त्यानंतरचा वेगळा. त्या दुसऱ्या वासाला बाप ओरडायचा, "बास!" आणि हात मागे घ्यायचा. बिरुदेवाने उलथनं भिरकावलं. पायाकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

वाड्यात कुणीतरी तोंड मांडीत धरलेलं असतं, कुणीतरी 'बास' म्हणायला उभं असतं. इथं मेंढरूही तोच आणि धनगरही तोच. दुखतही नव्हतं, याचं त्याला जास्त रडू आलं. दुखलं असतं तर निदान ओरडला असता, आणि ओरडला असता तर भिंतीपलीकडून कुणीतरी आलं असतं.

जखमेवर त्याने तेलात कालवलेली हळद थापली, फडकं बांधलं आणि वर सोनमचा जुना मोजा चढवला. रात्री तिने विचारलं, "मोजा कशाला घातलाय, आप्पा?"

"थंडी वाजतीया जराशी."

ऑक्टोबरच्या सोलापुरात ज्याला थंडी वाजते त्याला तापच असायला हवा. पण सणाच्या खरेदीचे दिवस. सोनम उभ्याउभ्या जेवली आणि पाठ टेकताच झोपली. बिरुदेवाला आत एक वाटत होतं की तिने मोजा काढून बघावा, आणि एक वाटत होतं की देवा, बघू नये. तिने बघितलं नाही.

चार दिवसांत तो तापाने फणफणला. काशम्माला आधी वास आला, मग कण्हणं ऐकू आलं. तिने दार ढकललं, मोज्यातून पाझरलेलं बघितलं आणि तोंडावर हात धरला. "अय्यो, आप्पा! येवडं होईपर्यंत हाक मारायची न्हाई का वो?" मग तिने तशाच तंबाखूच्या हातांनी सोनमला फोन लावला.

डॉक्टरने फडकं सोडलं. जखमेची कड बघून त्याने ओळखलं असणार, कारण त्याने काय झालं असं विचारलंच नाही. "कशाने भाजलंत?" एवढंच विचारलं.

"उलतन्यानं," बिरुदेव म्हणाला. "उसळला न्हाय पाय, म्हनून पुन्हा दिला."

डॉक्टरने लगेच ऑपरेशनची तयारी करायला सांगितली.

जंतू सांध्यात उतरले होते. त्याच दुर्बिणीने, त्याच दोन भोकांतून सांधा धुवावा लागला, एकदा नाही, दोनदा. शिरेतून औषधं सुरू झाली ती थांबेचनात. दिवाळी दवाखान्यातच झाली. खाली रस्त्यावर फटाके वाजत होते आणि सोनम स्टुलावर बसून त्याला चकली मोडून देत होती. मध्येच तिचा हात थांबला.

"आप्पा, येवढी कसली घाई हुती? माझ्याकडं ऱ्हायचा येवढा तरास हुतो?"

"तुझा न्हाय गं, पोरी." बिरुदेवाने तोंड फिरवलं. "दिवसभर कुनी हाक मारत न्हाय. माणूस हाय का मेलंय, कळत न्हाय त्या खोलीत."

"मी तीन वर्सं हाय त्या खोलीत," सोनम म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तरी शेजारच्या खाटेवरच्या माणसाने मान वळवली. "मला कोन हाक मारतंय? नवऱ्याचं घर सोडून आले, तवा तुमी वाड्यावर हुता. परत आल्यावर तरी इचारलं का, सोनम, का आलीस? गाभण मेंढरांची चौकशी करता की रोज."

खरं तर त्या वेळी बिरुदेवाला विचारायचं होतं, पण काय निघेल या भीतीने त्याने विचारलं नव्हतं, आणि मग न विचारण्याचीच सवय झाली. त्याने तिचा हात धरला. तिने काढून घेतला नाही. चकलीचे तुकडे दोघांच्या हाताखाली चादरीवर पडून राहिले.

त्याच आठवड्यात अंगठ्याच्या मुळाशी झिणझिण्या आल्या. आधी वाटलं, भास. मग तिथं खरोखरच मुंग्या चालल्यासारखं व्हायला लागलं आणि ते रोज जरासं पुढे सरकलं. डॉक्टर म्हणाला, "नस येतेय. उन्हाळ्यापर्यंत बरीचशी येईल." हे सांगताना त्याचा चेहरा आनंदी नव्हता, आणि बिरुदेवाला ते का हे विचारावं लागलं नाही.

"आपोआपच आली असती व्हय?"

"हो."

"आन् सांदा?"

"वाचला, हे नशीब. पण पुवाने कूर्चा खाल्ली, काका. घरात चालाल, बाजारात जाल. मेंढरामागे नाही. पुढे फारच दुखायला लागलं तर सांधा कायमचा जखडून टाकावा लागेल. मग दुखणार नाही, पण वाकणारही नाही."

डॉक्टर गेल्यावर बिरुदेवाने सोनमकडून मोबाइल मागून घेतला आणि श्रीमंताला स्वतः सांगितलं, "तिप्पण्णाला ये म्हण." श्रीमंत म्हणाला, "आण्णा, सोलापुराच्या कडेनंच जाऊ आमी. बघायला येशील?"

असा तो दिवस आला. सोनमने अर्धी रजा टाकली. रिक्षा करून दोघं मंगळवेढा रोडला शहराच्या बाहेर गेली, जिथं घरं संपतात आणि रिकामे प्लॉट सुरू होतात. रिक्षा थांबवून ठेवली. बिरुदेव काठी टेकत रस्त्याच्या कडेला उभा राहिला. त्याने धुतलेलं धोतर नेसलं होतं, पिवळा पटका बांधला होता. लग्नाला निघाल्यासारखा दिसत होता आणि कधी नव्हे ते सोनम त्याच्याकडे बघून हसली होती.

आधी धूळ दिसली. मग कुत्री, मग घोडी, घोडीवर कोंबड्यांची पाटी, श्रीमंताची बायको. आणि मग मेंढरं, सगळा डांबरी रस्ता भरून. पुढे एक काळासावळा, उंच माणूस चालत होता. खांद्यावर घोंगडं, पाऊल लांब आणि सावकाश. बरोबर चाल होती ती, मेंढराला धाप लागू न देणारी. हाच तिप्पण्णा. बिरुदेवाला त्यात एकही खोट सापडली नाही आणि त्याला फार एकटं वाटलं.

मेंढरं समोरून जायला लागली. एकेक तोंड त्याच्या ओळखीचं. कुणाची अडलेली आई त्याने रात्रभर जागून सोडवली होती, कुणाला बाटलीने दूध पाजलं होतं. ती माना खाली घालून, पुढच्याच्या ढुंगणाला तोंड लावून निघून चालली होती. एकीनेही वर बघितलं नाही. विसरली, त्याला वाटलं. हंगाम तरी कुठं लोटला, आणि विसरलीसुद्धा! ते त्याला सोसवेना. त्याने मनाशी काही ठरवलं नाही. ओठ आपोआप जुळले आणि जन्मभराची ती हाक निघाली, जिभेने टाळूवर दिलेला टकार आणि मागून लांबवलेला "हिर्रऽऽ हाऽऽ".

मेंढरं थांबली.

अख्खा कळप एकदम थांबला. मग माना वर झाल्या, कान फिरले आणि पुढे गेलेली मेंढरं मागे वळली. मागची पुढे घुसली. रस्त्यावर एकच गोंधळ उडाला. सगळी बें-बें करत बिरुदेवाकडे निघाली, त्याच्या धोतराला भिडली, काठीला भिडली, त्या दुखऱ्या पायावर चढली. त्याने दोन्ही हात त्यांच्या लोकरीत खुपसले. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तो हसत होता. त्या एका क्षणासाठी बिरुदेवाला जगात काही कमी नव्हतं.

तेवढ्यात ट्रक आला. करकचून ब्रेक लागला, हॉर्न वाजायला लागले, मागे आणखी दोन गाड्या थांबल्या. तिप्पण्णा हाका मारत होता, चांगल्या हाका मारत होता, पण एक मेंढरू हलेना. श्रीमंत धावत आला. "आण्णा, हाक नगं मारू! तुझा आवाज हाय तवर ही जायची न्हाईत. एखादं मरंल गाडीखाली!"

बिरुदेव गप्प झाला. तरीही ती हलेनात. तो नुसता उभा होता तरी ती त्याच्या भोवती उभी होती, तो चालू लागेल म्हणून वाट बघत. त्याने श्रीमंताकडे बघितलं. श्रीमंताने मान खाली घातली. दोघांनाही कळलं होतं की आता काय करावं लागेल.

बिरुदेवाने पाठ फिरवली. मेंढरांतून वाट काढत, काठी टेकत, लंगडत तो रिक्षाकडे निघाला. काही मेंढरं त्याच्या मागे आली. सोनमने त्यांना हाताने मागे लोटलं. तो आत चढला, पाय उचलून घेतला आणि रिक्षाचा पडदा ओढून घेतला. बाहेर तिप्पण्णाची हाक आली. पुन्हा आली. मग एका खुराचा, मग दोन खुरांचा, मग सगळ्या खुरांचा आवाज डांबरावरून पुढे सरकायला लागला.

रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "कां जाना, चाचा?"

खुरांचा आवाज अजून जवळच होता. बिरुदेवाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि नुसती मान हलवली. शेवटी सोनमच म्हणाली, "सात रस्ता. पण जरा थांबा. मेंढरं लांब जाऊ द्या."